अपग्रेड विकत मिळत नाही

मंडळी, आज जरा भांडायचंच ठरवलंय. विषय आहे घरी बनवलेले लढाऊ रोबो. म्हणजे तेच हो, रिमोटवर पळणारे, एकमेकांना धडका देणारे आणि फिरत्या पात्यांनी एकमेकांचे पत्रे फाडणारे. इंजिनिअरिंग कॉलेजच्या फेस्टात रोबोवॉरला सगळ्यात जास्त गर्दी. आमच्या सोलापुरातली पोरंही त्यात उतरतात. आणि तयारी सुरू झाली रे झाली की मला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात.

घरची मंडळी म्हणतात, "एवढे पैसे घालून बनवायचं आणि मोडून घरी आणायचं? हा कसला अभ्यास?" आणि दोन-चार फेस्ट करून आलेले सीनिअर म्हणतात, "जिंकायचंय ना? मग बाहेरची मोटार मागवा. पैसा लावा, अपग्रेड करा."

वरवर बघता ही दोन टोकं. माझ्या मते दोघांची चूक एकच आहे. मोडलेल्या तुकड्याकडे दोघंही बघत नाहीत.

आधी घरच्यांशी भांडतो, ते हक्काचे आहेत. हा खेळ सुरू केला मार्क थॉर्प नावाच्या अमेरिकन माणसानं. तो सिनेमासाठी मॉडेल्स बनवायचा. रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर करायला गेला आणि त्यातून त्याला रोबोंच्या लढाईची कल्पना सुचली. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिली स्पर्धा झाली. १९९८ साली बीबीसीनं त्यावर मालिका सुरू केली. तिचं पहिलं विजेतेपद मिळवलं रोडब्लॉक नावाच्या रोबोनं, आणि तो होता बॉडमिन कम्युनिटी कॉलेज या कॉर्नवॉलमधल्या शाळेच्या टीमचा! म्हणजे शाळेतल्या कार्यशाळेतून निघालेलं यंत्र टीव्हीवर पहिलं आलं. पोरखेळ म्हणायचंच असेल तर म्हणा, पण अशा दर्जाचा.

काही जण सुचवतात, मोडतोड नसलेली सभ्य स्पर्धा बघा की. आहे ना, रोबोकॉन आहे. २००८ साली त्याची आशियाई फेरी पुण्यात झाली तेव्हा खेळ चक्क दहीहंडीवर बेतलेला होता. उत्तम स्पर्धा. पण तिथे काय करायचं ते आधी छापून मिळतं. लढाईत तुमच्या यंत्रावर किती जोर येणार, कुठून येणार, हे समोरचा ठरवतो. पुस्तकातल्या गणितात भार दिलेला असतो, इथे तो दिलेला नसतो. खऱ्या रस्त्यावरच्या ट्रकलाही तो दिलेला नसतो, आणि शेतातल्या नांगरालाही नसतो. मग अभ्यास कुठला खरा, तुम्हीच सांगा.

आता पैसेवाल्यांकडे येऊ. थोडं गणित करतो, कंटाळू नका. ६ किलोची, ३० सेंटिमीटर व्यासाची लोखंडी चकती मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवली, तर तिच्यात सुमारे ३३०० ज्यूल ऊर्जा साठते. म्हणजे ५० किलोचं सिमेंटचं पोतं दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली टाकल्यावर जेवढी धडक बसेल तेवढी. आता दणकट मोटार आणून फेऱ्या दीडपट केल्या, तर ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते.

वा! सीनिअर खूश. पण मारताना जेवढा दणका समोरच्याला बसतो तेवढाच उलटा आपल्याला बसतो, हे आपण नववीत शिकलोय. तो दणका कोण खाणार? चकतीचा शाफ्ट, बेअरिंग, त्यांना धरणारी फ्रेम, फ्रेमचे जोड. मोटार नवी आणि बाकी सगळं जुनंच ठेवलं, तर तुम्ही स्वतःलाच मोडायची ताकद सव्वादोन पट केली. ह्याला अपग्रेड म्हणायचं का? तीच गोष्ट भंगारातल्या वायपर मोटारीची. १२ व्होल्टची मोटार २४ वर चालवली की जोर वाढतो हे खरं, पण रोबो भिंतीला अडकून मोटार जाम झाली की आतलं तापणं चौपट होतं. मग धूर.

आमच्या भाच्याच्या टीमचं उदाहरण सांगतो. पहिल्या रोबोचं पातं त्यांनी ट्रकच्या कमानपाट्याचं केलं होतं. कल्पना चांगली, पोलाद अस्सल. पहिल्याच लढतीत पातं तुटलं. लगेच सल्ला मिळाला, भारी पोलाद मागवा. तुटलेला तुकडा पोरांनी गल्लीतल्या एका काकांना दाखवला. काका जॉबर, म्हणजे मागावरचे मिस्त्री. पूर्व भागातल्या पॉवरलूमवर आयुष्य गेलेलं. त्यांनी तुकडा उन्हात धरला आणि म्हणाले, "काय बे, ट्रकमधी पाट्याला कुणी वेल्डिंग करतं का? यू-बोल्टनं आवळतात की!"

संपलं. निदान झालं. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन जास्त. वेल्डिंग केलं की जोडाशेजारची पट्टी तापून झटकन थंड होते आणि काचेसारखी ठिसूळ बनते. पातं तुटलं ते बरोबर तिथंच. पोलाद भारी आणलं असतं तरी वेल्डिंग करून पुन्हा तिथंच तुटलं असतं. पोरांनी पाट्याचं मधलं मूळचं भोक वापरलं, दोन जाड प्लेटांमध्ये तो आवळला, शाफ्टला एकाच बाजूला आधार होता तो दोन्ही बाजूंना दिला. खर्च झाला तो बोल्ट, प्लेटा आणि एका जास्तीच्या बेअरिंगचा. पुढच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरले, कारण धक्क्यानं बॅटरीची वायर निघाली. पातं मात्र शाबूत! मी तरी ह्यालाच अपग्रेड म्हणतो. काल जिथं मोडलं तिथं आज मोडलं नाही, दुसरीकडे मोडलं.

जॉबरकाकांना हे कसं कळलं, ह्याचं मला मुळीच नवल वाटत नाही. माग म्हणजे दणक्यांचंच यंत्र. धोट्याला मिनिटाला शंभराहून जास्त वेळा फटका मारून ह्या टोकाकडून त्या टोकाला फेकायचं आणि तिथं थांबवायचं, दिवसभर. म्हणून तर फटका मारणारी काठी लाकडाची असते आणि जिथं आदळतं तिथं चामडं असतं. कुठं कडक ठेवायचं आणि कुठं मऊ, हे ज्ञान ह्या गावात शतकभर मुरलेलं आहे. ह्याच गावात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहे. साच्यात कॅमच्या जागी धातूचे तुकडे बसवायचे, म्हणजे ओतलेलं लोखंड तिथं पटकन थंड होऊन वरून कडक होतं, आणि बाकीचा दांडा मऊ राहतो. रोबोच्या दातालाही हेच तर हवं असतं, टोक कडक आणि मूळ चिवट. आणि आमची पोरं काय करतात? मागांचा खडखडाट ऐकत बसून नेटवर परदेशी किटच्या किमती बघतात.

ह्याचा अर्थ सगळं भंगारातूनच करा असा नाही. लिथियम पॉलिमर बॅटरी, तिचा चार्जर, भरवशाचा रिमोट ह्यात काटकसर करू नका. ती बॅटरी फुगली, फुटली तर घर पेटेल. पातं रोखणारी पिन आणि वीज तोडणारी लिंक आधी बसवा, मग मोटार. गच्चीवर मोकळ्यात पातं फिरवून बघणाऱ्यांना तर मी स्वतः ओरडेन. माणूस वाचवायला लागेल तेवढा पैसा लावा. अक्कल वाचवायला लावू नका.

आणि कॉलेजांकडे एक मागणी आहे. ट्रॉफी जिंकणाऱ्याला द्याच, पण प्रत्येक टीमकडून एक पान लिहून घ्या: काय मोडलं, का मोडलं, आता काय बदलणार. त्याला मार्क द्या. त्या पानावर ज्या टर्नरनं, वेल्डरनं, जॉबरनं मदत केली त्याचं नाव येऊ द्या. प्राध्यापकांचं नाव येतं, स्पॉन्सरचं येतं, मग ज्यानं लेथवर शाफ्ट काढून दिला त्याचंच का नको? शहरात कारखाने एका बाजूला आणि कॉलेजं दुसऱ्या बाजूला, मध्ये कुणी जात नाही. एक मोडकं पातं हातात घेऊन पोरं मधलं अंतर चालून गेली तर बिघडलं कुठं?

तर आत्या, काका, मावशी आणि समस्त ब्लॉगबंधू, एवढंच करा. पोरगं स्पर्धेतून परत आलं की "कितवा नंबर?" असं विचारू नका. "कुठं मोडलं रे?" असं विचारा, आणि ते सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.