राणीछाप रुपयाची भलावण

‘चांदीचा बंदा रुपया होता तोवर राज्य सचोटीचं होतं. चांदी काढून निकेल घातलं, मग पोलाद आणलं, आणि सरकारनं आपला खिसा कापला.’ जुनी नाणी जपणाऱ्यांकडून हे गाऱ्हाणं मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. त्यांची हळहळ मला समजते, निष्कर्ष मात्र मान्य नाही.

११.६६ ग्रॅमचा, जवळपास ९२ टक्के चांदीचा तो रुपया तरी कुठं चांदीच्या मोलानं चालत होता? चांदीचा भाव घसरत गेला म्हणून १८९३ मध्ये सरकारनं लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. पुढं रुपयातली चांदी रुपयाहून स्वस्त झाली. म्हणजे व्हिक्टोरिया राणी हयात असतानाच तिचा रुपया सरकारच्या शब्दावर चालू लागला होता. पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली तेव्हा उलटं घडलं. रुपये बाजारातून गडप होऊ लागले आणि १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. धातू नाण्याहून महाग झाला की नाणं मुशीत जातं. मोड नाही म्हणून अडते ती भाजीवाली. १९४० मध्ये चांदी निम्मी केली, १९४७ मध्ये निकेल आलं, ते याच धड्यातून.

महागाईचं खापर धातूवर फोडणंही चूक. १९९२ ते २०११ रुपया पोलादीच होता, वजन तेच ४.८५ ग्रॅम, तरी त्याची खरेदीची ताकद आटतच गेली. २०१८ मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरात एक रुपयाचं नाणं पाडण्याचा खर्च १ रुपया ११ पैसे निघाला. ते आणखी जड करा म्हणणाऱ्यांनी हा आकडा नजरेआड करू नये.

सरकारला जाब विचारायचाच तर दुसऱ्या गोष्टीचा विचारा. २०११ मध्ये आलेलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं, ४.८५ ग्रॅमचं, पोलादी. १९९२ चा एक रुपया नेमका तसाच! दोन्ही एकाच गल्ल्यात पडतात. डोळस माणूस उलटून पाहून घेईल. ज्याला बोटांनीच पैसे मोजायचे आहेत त्यानं काय करायचं? ही खरी फसगत आहे, आणि ती धातूनं नव्हे, आखणीतल्या बेफिकिरीनं झाली.

वीस रुपयांच्या नाण्याला बारा बाजू दिल्या, त्या बोटांना चटकन कळतात. धातू खुशाल बदला. पण एक आणि दोन रुपयांच्या नाण्यांनाही असाच वेगळा आकार द्या, आणि तो ठरवताना अंध माणसांना आधी विचारा.