पायलट व्हायला सगळे फ्लोरिडालाच का जातात? आणि आपल्या पोरांचं गणित तिथं कुठं अडतं?

इन्स्टावर अशी एक रील तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. छोटंसं विमान, कानावर हेडसेट, खाली निळाशार समुद्र आणि लोकेशनला लिहिलेलं असतं, फ्लोरिडा. कमेंटमध्ये दोन प्रश्न हमखास असतात. "दादा, खर्च किती आला?" आणि "ट्रेनिंग झाल्यावर तिथंच जॉब लागतो का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणीही देतं. दुसऱ्याचं उत्तर बऱ्याचदा अर्धवट मिळतं. त्याच अर्धवट उत्तरावर घरचे फ्लॅट नाहीतर जमीन तारण ठेवून कर्ज काढतात. म्हणून हे गणित जरा नीट समजून घेऊ.

फ्लोरिडाच का?

साधं कारण आहे, ऊन. शिकाऊ पायलट सुरुवातीला बाहेर डोळ्यांनी बघून विमान उडवतो. ढग खाली आले, धुकं पडलं, बर्फ पडला की त्या दिवसाचं फ्लाइंग रद्द. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात असे दिवस ओळीनं जातात. फ्लाइंगमध्ये खंड पडला की हात बसलेला सुटतो, तोच धडा पुन्हा गिरवावा लागतो आणि त्याचे पैसेही पुन्हा भरावे लागतात. वर घरभाडं, जेवणखाण चालूच.

फ्लोरिडात बर्फाचा त्रास नाही, जमीन सपाट आहे आणि छोटे विमानतळ भरपूर आहेत. ही गोष्ट आजची नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून ब्रिटिश हवाई दलाची शिकाऊ पोरं फ्लोरिडातल्या क्लुइस्टनला विमान शिकायला यायची. तिकडं इंग्लंडमध्ये बॉम्ब पडत होते आणि आभाळही धड नव्हतं. असंच दुसरं राज्य म्हणजे ॲरिझोना. जर्मनीच्या लुफ्तान्सानं आपले पायलट कित्येक दशकं फिनिक्सजवळच्या गुडइयरला घडवले.

पण ऊन आहे म्हणून सगळं सोपं आहे असं नाही. उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारी गडगडाटी वादळं येतात, त्यामुळे पोरं पहाटे उठून उडतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा हंगाम. ॲरिझोनात उन्हाळ्यात हवा इतकी तापते की ती विरळ होते आणि छोट्या विमानाला वर चढायला दम लागतो.

शिवाय गर्दी आहेच. जुलै २०१८ मध्ये मायामीजवळच्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीवर प्रशिक्षणाची दोन विमानं हवेतच धडकली. ४ जण गेले, त्यात एक भारतीय तरुणीही होती.

अमेरिकन पोरगं तिथं जाऊन कामाला कसं लागतं?

अमेरिकेत खासगी पायलटच्या परवान्याला किमान ४० तास लागतात. पैसे घेऊन उडायचं तर कमर्शियल परवाना हवा, त्याला साधारण २५० तास. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या शाळेत हे १९० तासांतही होतं.

पण एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायला अमेरिकेत १५०० तास लागतात. हा नियम एका अपघातानंतर आला. १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरचं विमान बफेलोजवळ घरावर कोसळलं आणि ५० जणांचा जीव गेला. पायलटांचा अनुभव आणि थकवा यावर देशभर चर्चा झाली. २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून को-पायलटलाही १५०० तासांची अट लागली. विमानशास्त्राची ठरावीक पदवी असेल तर ती १००० वर येते.

आता २५० आणि १५०० यांच्यातले १२५० तास आणायचे कुठून? स्वतःच्या खिशातून भाडं भरून ते कुणालाच परवडत नाहीत. मग पोरं इन्स्ट्रक्टरचा परवाना काढतात आणि जिथं शिकली तिथंच शिकवायला लागतात. विद्यार्थी पैसे भरतो, इन्स्ट्रक्टरचे तास वाढतात आणि वर मानधनही मिळतं. महिन्याला ७० तास धरले तरी साधारण दीड वर्ष लागतं. कुणी मायामीच्या किनाऱ्यावर जाहिरातीचे बॅनर ओढतं, तर कुणी डिलँडला स्कायडायव्हिंगवाल्यांना वर सोडून येतं.

म्हणजे फ्लोरिडाला जाणं हा अमेरिकन मुलासाठी एकच सलग प्रवास असतो. आधी शिकायचं, मग शिकवायचं, मग एअरलाइन. त्यातही हमी नाहीच. फ्लोरिडातल्याच स्पिरिट एअरलाइन्सनं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी त्यांनी पायलटांना घरी बसवलं होतं.

मग आपल्या पोरांचं कुठं अडतं?

अडतं ते व्हिसावर. फ्लाइंग स्कूलला जाणाऱ्या परदेशी मुलाला बहुतेक वेळा एम-१ व्हिसा मिळतो. तो व्यावसायिक शिक्षणाचा व्हिसा आहे. त्यावर शिकत असताना काम करता येत नाही. कोर्स संपल्यावर सरावासाठी परवानगी मागता येते, पण शिक्षणाच्या दर ४ महिन्यांमागे १ महिना, तेही जास्तीत जास्त ६ महिने.

म्हणजे वर्षभर शिकलात तर ३ महिने. महिन्याला ७० तासांच्या हिशोबानं २१० तास. २५० मध्ये मिळवले तर ४६०. अमेरिकन एअरलाइनचे १५०० अजून लांबच.

"आधी एम-१ वर जाऊ, मग तिथं एफ-१ करून घेऊ" असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा. अमेरिकेत राहून एम-१ चा एफ-१ करता येत नाही. एच-१बीचंही तसंच. तो पदवी लागणाऱ्या कामांसाठी असतो आणि पायलटच्या परवान्याला पदवीची अटच नाही. त्यात एम-१ वर घेतलेल्या शिक्षणाच्या जोरावर तिथल्या तिथं एच-१बीकडे वळायला नियमानंच मनाई आहे.

एफ-१ ची वाट आहे, पण ती विद्यापीठातून जाते. डेटोना बीचच्या एम्ब्री-रिडलसारख्या ठिकाणी पदवीसोबत फ्लाइंग होतं आणि नंतर साधारण १२ महिने आपल्या क्षेत्रात काम करता येतं. मात्र ती चार वर्षांची पदवी आहे, खर्चही त्याच मापाचा. आणि ते १२ महिने संपल्यावर पुढचा व्हिसा कोणता, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक टप्पा. ९/११ च्या हल्लेखोरांपैकी मोहम्मद अट्टा आणि मारवान अल-शेही फ्लोरिडातल्या व्हेनिसमध्ये विमान शिकले होते. तेव्हापासून नियम कडक झाले. आता व्हिसा मिळाला तरी टीएसए या सुरक्षा यंत्रणेच्या मंजुरीशिवाय परदेशी मुलाचं ट्रेनिंग सुरू होत नाही.

मग जायचंच नाही का?

तसं नाही. भारतात नोकरी करायची असेल तर १५०० तासांची गरजच नाही. डीजीसीएच्या कमर्शियल परवान्याला २०० तास लागतात, त्यातले १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे कप्तान म्हणून उडवलेले हवेत. त्यावर एअरबस ए३२० सारख्या विमानाचं टाइप रेटिंग केलं की को-पायलटच्या नोकरीसाठी अर्ज करता येतो. १५०० तास आपल्याकडे लागतात ते पुढे, एअरलाइनचा कॅप्टन होताना.

इथं बारामती, गोंदिया, धुळ्याला शाळा आहेत, पण पावसाळा आणि विमानांसाठीची रांग यात महिने जातात. फ्लोरिडात तेच तास लवकर भरतात. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते वेगासाठी.

फक्त परतल्यावरचा हिशोब धरायला विसरू नका. अमेरिकेचा परवाना इथं थेट चालत नाही. डीजीसीएच्या परीक्षा, रेडिओचा परवाना आणि क्लास १ मेडिकल लागतंच. १९० तासांचा कोर्स करून आलेल्याला डीजीसीएसाठी १० तास कमी पडतात. टाइप रेटिंगचा खर्च वेगळा. सगळं धरून आकडा सहज ५० लाखांच्या वर जातो आणि नोकरी लागेपर्यंत हप्ता थांबत नाही.

पैसे भरण्याआधी एवढं विचारा

व्हिसा एम-१ की एफ-१? शाळेनं दिलेल्या कागदावर ते लिहिलेलं असतं.

कोर्समध्ये डीजीसीएचे २०० तास आणि कप्तान म्हणूनचे १०० तास पूर्ण होतात का?

तास कसे मोजता? बऱ्याच ठिकाणी हॉब्स मीटर असतो. रिक्षाचं वेटिंग पडतं तसं रनवेवर रांगेत उभं असतानाही त्याचे पैसे पडतात.

सगळी फी एकदम मागतात का? टप्प्याटप्प्यानं भरा. शाळा बंद पडली तर अमेरिकेतून पैसे परत आणणं फार अवघड आहे.

आणि सगळ्यात आधी क्लास १ मेडिकल करून घ्या. डोळ्यांत किंवा हृदयात काही अडचण असेल तर ती इथंच कळू दे, कर्ज काढून फ्लोरिडाला पोहोचल्यावर नको.