मेला तो कोण होता?

भयकथा वाचणारा विद्यार्थी दिसला, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. 'रात्री-बेरात्री असले वाचू नये, मन बिघडते,' हा उपदेश आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकला असेल. उलट वसतिगृहातली मित्रमंडळी म्हणतात, 'त्यात काय एवढे? दोन घटका करमणूक!' मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मी आवडीने वाचले आहेत, भयपटही पुष्कळ पाहिले आहेत. पण काही कलाकृतींनी मला हलवून सोडले, तर काही पाहताना मी शेंगदाणे खात होतो. हा फरक रक्ताच्या कमीजास्त प्रमाणाचा नाही, एवढे मात्र नक्की.

भयाचे आपल्या परंपरेला वावडे नव्हते. नाट्यशास्त्राने आठ रसांत भयानक आणि बीभत्स यांनाही जागा दिली. त्याचबरोबर युद्ध आणि मरण रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवू नये, असा संकेतही घालून दिला. भासाने मात्र 'ऊरुभंगा'त दुर्योधनाला प्रेक्षकांसमोर प्राण सोडायला लावले. पण त्याआधी त्याने काय केले पाहा. दुर्योधनाचा लहानगा मुलगा दुर्जय नेहमीच्या सवयीने बापाच्या मांडीवर बसायला येतो. मांड्या तर गदेने फोडलेल्या! बापाला त्याला अडवावे लागते. त्या क्षणी आपल्यापुढे खलपुरुष उरत नाही, एक बाप उरतो. मग त्याचे मरण आपल्याला लागते.

हिचकॉकच्या 'सायको'ची (१९६०) गोष्ट अशीच आहे. न्हाणीघरातला तो खून जगभर गाजला. चित्रपट कृष्णधवल, रक्ताच्या जागी चॉकलेटचे सिरप; पण छाती धडधडते ती आजही. का? खून होण्यापूर्वी पाऊण तासाच्या आसपास आपण मेरियन क्रेनच्या सोबत असतो. तिने चाळीस हजार डॉलर चोरलेले आपल्याला ठाऊक असते, तिची घालमेल आपण पाहिलेली असते आणि पैसे परत करायचे तिने ठरवले आहे, हेही आपल्याला कळलेले असते. सुरी नेमकी तिथे येते. तोडले जाते ते एक चालू आयुष्य.

याच्या शेजारी 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) आणि त्याच्या पुढच्या भागांसारखे चित्रपट ठेवून पाहावेत. तरुण मुलेमुली तळ्याकाठी जमतात आणि एकामागून एक मारली जातात. त्यांची नावे चित्रपट संपेपर्यंतही लक्षात राहत नाहीत. प्रेक्षक फक्त मोजत बसतो: चार झाले, आता पाचवा कसा मरणार? इथे भीती नसते, उत्सुकता असते. आणि तीही माणसाविषयी नव्हे, हत्याराविषयी.

'ही तर करमणूक आहे, तिचा जगण्याशी काय संबंध?' असे कोणी विचारील. असले चित्रपट पाहून कोणी खुनी होतो, असे मी म्हणत नाही. माझी शंका वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावाबाहेरच्या वळणावर मोटारसायकलचा अपघात झाला. त्यात गेलेला मुलगा माझ्या शाळेतला, माझ्याहून एक वर्ग पुढे. संध्याकाळपर्यंत त्याची चित्रफीत गावभर मोबाइलवर फिरली. खाली लिहिले होते, 'कच्च्या मनाच्यांनी पाहू नये.' त्याचे नाव मात्र कुठेच नव्हते. कोणीतरी विचारले होते, 'पूर्ण क्लिप आहे का?' विचारणारा दुष्ट नव्हता. मरण असे पाहायची त्याला सवय झाली होती, इतकेच.

त्यानंतर कित्येक महिने मला मुडदे मोजायला लावणारे चित्रपट पाहवले नाहीत. पण त्याच दिवसांत मी महाभारताचे सौप्तिकपर्व वाचले. झोपलेल्या माणसांची अश्वत्थाम्याने केलेली ती कत्तल कुठल्याही भयपटाला मागे टाकील. तरी ते वाचवले, कारण त्याच्या लगेच पुढे स्त्रीपर्व आहे. रात्र संपते आणि बायका रणांगणावर आपापली माणसे शोधत येतात. उत्तरा अभिमन्यूच्या देहाजवळ बसते. गांधारी एकेकाकडे पाहून तो कोण होता, कोणाचा होता, हे सांगत जाते. व्यासांनी कत्तल लपवली नाही, आणि तिच्यानंतरचे रडणेही गाळले नाही.

म्हणून भयकथांवर बंदी घाला, ही सूचना मला मान्य नाही. मृत्यू आयुष्यात आहे, तेव्हा तो पुस्तकात आणि पडद्यावरही येणारच, किंबहुना यावाच. फक्त पुस्तक मिटताना किंवा चित्रपटगृहाबाहेर पडताना आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा: मेला तो कोण होता? उत्तर सांगता आले, तर त्या लेखकाने आपल्याला थोडे शहाणे केले. सांगता आले नाही, आणि त्याचे काही वाटलेही नाही, तर मात्र घाबरायला हवे. ते भूताला नव्हे, स्वतःलाच.