सुट्टी कुणाच्या बापाची?

परवा मी माझ्या पोराला मारलं. तीन वर्षांचा आहे. कळशी कलंडवून त्या पाण्यात बसला होता, दोन्ही हातांनी थापट्या मारत होता, हसत होता. मी रात्रपाळी करून येऊन पडलो होतो. दुपारचे दोन वाजले असतील. वर पत्रा तापून तडतडत होता. मी उठलो आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. चांगला सणसणीत बसला. पोरगं लगेच रडलं नाही. आधी त्याने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीवरच्या पाण्याकडे, आणि मग भोकाड पसरलं.

बायको म्हणाली, "मारा, मारा. पाणी भरायला कधी उठलात काय? सांडल्यावर बरी जाग आली."

तर दोस्तांनो, मी गोदीत माल उचलतो आणि कविता लिहितो. पाण्यावरच्या माझ्या कविता आहेत. चवदार तळ्यावरची एक कविता मी जयंतीच्या स्टेजवर म्हणतो, टाळ्या पडतात, पोरं शिट्ट्या मारतात. आणि माझ्या स्वतःच्या पोराने पाण्याला हात लावला म्हणून मी त्याला मारलं. हे छापायची लाज वाटते. पण उन्हाळा, सुट्टी, पोरंबाळं यावर लिहायचं तर मला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही.

आमची वस्ती रे रोडच्या बाजूला, बंदराच्या जमिनीवर. एका अंगाला दारूखान्याचं भंगार, दुसऱ्या अंगाला वखारी. पाणी पायपाने येतं, पण नळाच्या नाही. मोटर लावून रबरी पाईप गल्लीत फिरवतात, पिंपामागे पैसे घेतात. आमच्या गल्लीत एका पिंपाला चाळीस रुपये पडतात, मेमध्ये पन्नास. पाईप कधी येईल त्याचा नेम नाही. रात्री तीनलाही येतो. बायका जाग्याच असतात. आवाज आला की पिंप सरकवतात, आधी पिण्याचं, मग उरलं तर धुण्याचं. एका कचेरीत गेलं तर म्हणतात जमीन आमची नाही. दुसरीत गेलं तर म्हणतात पाणी आमचं नाही. मुंबईच्या सरकारी हिशेबात वर्षानुवर्षं झोपडीतल्या माणसाला दिवसाला ४५ लिटर पाणी आणि इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर. म्हणजे इमारतीतला एक माणूस बरोबर झोपडीतली तीन माणसं. हा हिशेब मनुस्मृतीत नाही, फायलीत आहे. १५ डिसेंबर २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी तिच्यातल्या माणसाचा पाण्याचा हक्क बेकायदा होत नाही, पाणी हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. निकाल आला. आमच्या गल्लीत अजून रबरी पाईपच येतो.

आता सुट्टी. आमच्या थोरलीने यंदा पहिली पास केली. परीक्षेच्या आधी तिने निबंध पाठ केला होता, 'उन्हाळ्याची सुट्टी'. दहा ओळी. सुट्टीत मी मामाच्या गावाला जाते, तिथे आमराई आहे, विहिरीत पोहते, आजी गोष्टी सांगते. घडाघडा म्हणून दाखवला. मग म्हणाली, "पप्पा, आपला मामा तर वरतीच झोपतो."

खरं आहे. तिचा मामा आमच्याच पोटमाळ्यावर झोपतो, कामाच्या शोधात आलाय. त्याच्या गावाला तोसुद्धा जात नाही.

मराठी माणसाचा उन्हाळा एकदा वाचून बघा. रविवारच्या पुरवण्या काढा, आठवणींची पुस्तकं काढा. वाळ्याचे पडदे, माठातलं पाणी, कैरीचं पन्हं, गच्चीवरची वाळवणं, दुपारी माजघरात पत्ते, रात्री अंगणात बाजा टाकून चांदण्या मोजणं. वाईट काहीच नाही त्यात. पोरांना असलंच मिळायला पाहिजे. माझा राग एवढाच की हा चार घरांचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राचा म्हणून पुस्तकात बसवला, आणि आमच्या पोरीला तो पाठ करायला लावला. तिला स्वतःचा उन्हाळा लिहायला सांगितला असता तर तिने पत्र्यावर टाकलेली ओली गोणपाटं लिहिली असती. घामोळं लिहिलं असतं. नाकाचा घोळणा फुटला की आजी कांदा फोडून हुंगायला देते, ते लिहिलं असतं. पाणी पुरवून पुरवून प्यायचं, मग लघवीला आग होते, पोरं कोपऱ्यात उभी राहून रडतात. पुस्तकातल्या पोरांना उन्हाळी सुट्टी लागते. आमच्या पोरांना नुसती उन्हाळी लागते.

मामाच्या गावाचं म्हणाल तर मी एकदा गेलो होतो. सात-आठ वर्षांचा होतो. आईचं माहेर साताऱ्याकडे, मसूरच्या बाजूला. आमराई होती, पण ती पाटलाची. विहीर होती, तिच्यात पोरं पोहत होती. मी कपडे काढून काठावर गेलो तर मामाने दंडाला धरून मागे ओढलं. काही बोलला नाही. घरी आल्यावर आजीने हंडाभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाली, "झालं तुजं पवणं." तेव्हा मला काही कळलं नाही. मला वाटलं मला पोहता येत नाही म्हणून ओढलं.

पुढे मॅट्रिकच्या वर्षी बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हाताला लागलं. लहानशी वही आहे, १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापलेली. त्यातला पहिलाच प्रसंग १९०१ सालचा. आणि कुठला? मसूर स्टेशनचा! मी वाचताना थांबलो. त्याच स्टेशनवर मी आईचा पदर धरून उतरलो होतो.

तो प्रसंग तुम्हाला माहीत आहे, भाषणात आपण सगळेच सांगतो. तरी पुन्हा सांगतो, कारण त्यातली एक गोष्ट आपण सोडून देतो. ते दिवस सुट्टीचे होते. उन्हाळ्याची सुट्टी. सुभेदार रामजी दुष्काळी कामावर रोखपाल होते, तिथे तलाव खोदायचं काम चाललं होतं. त्यांनी साताऱ्याला पत्र पाठवलं की सुट्टीत इकडे या. पोरं हरखली. नवे सदरे शिवले, चकचकीत टोप्या घेतल्या, नवे जोडे घेतले. सगळी दहाच्या आतबाहेरची पोरं. मसूरला उतरली तर घ्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला, जात कळल्यावर मागे सरला. गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडं, आणि अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. डबे भरलेले होते, पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. भरल्या डब्यांशेजारी पोरं उपाशी झोपली, कारण पाण्याशिवाय घास उतरत नाही.

बाप तलावाच्या कामावर आणि पोराला घोटभर पाणी नाही. हे आपण जातीची गोष्ट म्हणून सांगतो, बरोबरच आहे. पण ती सुट्टीवर निघालेल्या पोरांचीही गोष्ट आहे. नवे कपडे घालून बापाकडे निघालेल्या पोरांची. जात काय करते, तर आधी पोरांची सुट्टी खाते. शाळेत कोपऱ्यात बसवते हे एक झालं, पण शाळा सुटल्यावरही सोडत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते काही जणांना उलटं वाटेल. आपल्या पोरांना सुट्टी मिळत नाही, सुट्टी त्यांच्यावर येऊन पडते. आमच्या थोरलीसाठी दिवसातली सगळ्यात थंड जागा म्हणजे महापालिकेची शाळा. पक्की भिंत, पंखा, नळाला पाणी, संडास. आणि दुपारची खिचडी. नियमाने पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. नियम कागदावरचा आहे, ताटात किती पडतं ते पोरांना विचारा. पण पडतं. मेच्या सुरुवातीला शाळेला कुलूप लागतं ते जूनच्या मध्यापर्यंत. सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत पोटं काय सुट्टीवर जातात?

दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही पोरांना शाळेत जेवण द्यायचं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ ला दिलेला आहे. म्हणजे चूल सुट्टीतही पेटू शकते. ज्या गल्लीत पाणी विकत घ्यावं लागतं तिला दुष्काळी म्हणायला कुणाची हरकत आहे? जमिनीला भेगा पडल्या तरच दुष्काळ, पिंप कोरडं पडलं तर नाही, हा कुठला न्याय? चळवळीने ही मागणी घेऊन एकदा तरी मोर्चा काढलाय का? मी तर नाही बघितला. आपण पुतळ्यासाठी रस्ता अडवतो, पाटीवरच्या नावासाठी अडवतो. अडवलाच पाहिजे, मी स्वतः बसलोय. पण खिचडीसाठी रस्ता अडवायला आपल्याला कमीपणा का वाटतो? बायकांचा विषय वाटतो म्हणून?

बायकांचा म्हटल्यावर आमचंही सांगतो. माझा बाप डॉक लेबर बोर्डाच्या पाळ्यांवर लागलेला माणूस. त्याला भरपगारी रजा होती. मेमध्ये आठ दिवस तो घरी असायचा, आम्हाला ससून डॉककडे फिरवून आणायचा. १९९४ ला बोर्ड बंदरात विलीन झालं. मी ठेकेदाराचा माणूस. खाडा केला की रोज गेला, चार खाडे केले की मीच गेलो. माझ्या पोरांना बापाची सुट्टी मिळत नाही ती अशी. हे कारण खरं आहे. पण हेच कारण पुढे करून मी रात्री तीन वाजता पाईपचा आवाज ऐकूनही कूस बदलतो, हेही तितकंच खरं आहे. दिवसपाळी असली तरी बदलतो. बाहेर पँथर आणि घरात मुकादम. बायकोने दोन वेळा सुनावलं, तिसऱ्यांदा पोराच्या पाठीवर वळ उठला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

आता वस्तीचं. आमच्या वस्तीत बुद्धविहार आहे. पक्का, फरशी घातलेला. वर सहा पंखे, प्रत्येकाच्या पात्यावर देणगीदाराचं नाव. एका निवडणुकीत मिळालेला पाण्याचा कुलर आहे, वस्तीतलं एकुलतं एक अधिकृत कनेक्शन आहे. रविवारी वंदनेपुरतं तासभर उघडतं. बाकी जयंती झाली की कुलूप, ते बुद्धपौर्णिमेला निघतं, परत कुलूप. जयंतीला आम्ही डीजे लावला. किती लाखांचा ते इथे लिहीत नाही, माझीही वर्गणी होती आणि मी नाचलोही. दहा तास भिंती हादरल्या. आणि महिन्याने, मेच्या दुपारी बाराला, पन्नासेक पोरं विहाराच्या बंद दाराबाहेर, पायरीवर पडणाऱ्या हातभर सावलीत एकमेकांना चिकटून बसतात. आत सहा पंखे बंद.

मी आमच्या समितीच्या काकांकडे किल्ली मागायला गेलो. म्हटलं, "काका, दुपारी बारा ते चार उघडा. मी नसेन तेव्हा माझी आई बसेल. पोरं झोपतील, कुणी वाचून दाखवेल."

काका म्हणाले, "नको रे बाबा. घाण करतात. परवा उघडलं तर कुलरच्या तोटीला तोंड लावून प्याले. मी सांगितलंय, नळाला हात लावायचा नाही."

काका वाईट माणूस नाही. १९८२ च्या गिरणी संपात नोकरी गेलेला. विहाराच्या विटा त्यांनी स्वतःच्या खांद्यावर वाहिल्यात, ह्या फरशीवर त्यांचा जीव आहे. त्यांना मी काय बोलू? पण ते वाक्य ऐकलं आणि माझी जीभ टाळूला चिकटली. २० मार्च १९२७ ला, अशाच उन्हाच्या दिवसांत, माणसं महाडला कशासाठी गेली होती? जोतीरावांनी १८६८ ला आपल्या घरचा हौद मोकळा केला तेव्हा आधी पोरांना पाय धुऊन यायला सांगितलं होतं काय? आणि हेच वाक्य परवा दुपारी मीही माझ्या खोलीत पोराच्या पाठीवर लिहिलं होतं. तेव्हा काकांवर ओरडायचा माझा हक्क गेलेला होता. गप घरी आलो.

आईने धाकट्याच्या पाठीला खोबरेल लावलं होतं. तो माझ्याकडे येईना. मी घमेल्यात तांब्याभर पाणी ओतलं, त्याच्यासमोर ठेवलं, म्हटलं खेळ. त्याने बोट बुडवलं, माझ्याकडे बघितलं, परत बोट काढलं. बऱ्याच वेळाने थापटी मारली. पाणी माझ्या तोंडावर उडालं तेव्हा कुठे हसला. खेळून झालं ते पाणी बायकोने फडकं भिजवायला घेतलं.

वस्तीतल्या आठ-दहा पोरांनी मिळून समितीला अर्ज दिलाय. विहार मे आणि जूनमध्ये रोज दुपारी उघडं ठेवायचं, पुढच्या वर्षी डीजे निम्मा करून राहिलेल्या पैशात पाण्याचं आणि विजेचं बिल भरायचं, फरशी आम्ही पुसायची. शाळेच्या खिचडीचा अर्ज वेगळा लिहिलाय, त्यावर बायकांच्या सह्या आधी घ्यायच्या ठरलंय. तुमच्या वस्तीत काय चाललंय ते कळवा. आमची बैठक रविवारी संध्याकाळी सातला आहे. मी पाळी बदलून घेतलीय.