सेव्ह केलं, पण कुठं?
‘सेव्ह’ दाबलं की फाइल डिस्कवर पोचली, असं आपण खुशाल धरून चालतो. लिनक्सचा कर्नल मात्र जुन्या पेढीवरच्या मुनीमासारखा: आधी कच्च्या वहीत टिपून ठेवतो, खतावणी सवडीनं. मजकूर मेमरीतल्या पेज कॅशमध्ये टाकून तो ‘झालं’ म्हणतो आणि ती पानं ‘डर्टी’ ठरतात. मूळ सेटिंगनुसार दर 5 सेकंदांनी उठून 30 सेकंदांहून जुनी पानं डिस्कवर उतरवतो. तेवढ्यात वीज गेली, की गेलंच. ज्याला धीर नाही त्यानं ‘एफसिंक’ म्हणावं आणि डिस्कचा होकार येईपर्यंत ताटकळावं. (वेळ जातो म्हणून मीही ते टाळलंय.) खरी गोम 2018 साली पोस्टग्रेस हा डेटाबेस बनवणाऱ्यांच्या ध्यानात आली. लिहिताना डिस्कनं दगा दिला, तर कर्नल तक्रार एकदाच सांगतो आणि न उतरलेलं पान चक्क ‘स्वच्छ’ ठरवून मोकळा होतो! पुन्हा एफसिंक करा, उत्तर येतं, सगळं ठीक. तेव्हापासून पोस्टग्रेस दुसऱ्यांदा विचारतच नाही. एफसिंक फसलं की जाणूनबुजून कोसळतो, आणि उठल्यावर स्वतःच्या लॉगवरून सगळं पुन्हा लिहून काढतो.