बोक्याचा सातबारा

वर्ध्यात होळी आटोपली की घरोघरी कूलर बाहेर निघतो. टाकी घासायची, पंप तपासायचा, गवताच्या ताट्या बदलायच्या, खिडकीला लावून बटण दाबायचं. रामनगरातल्या आमच्या घरी यंदा बटण दाबलं आणि थंड हवेसोबत असा काही दर्प आत घुसला की सगळे भरल्या ताटावरून उठले. कूलर बाहेरची हवा ओढतो आणि घरभर वाटतो. त्या नव्याकोऱ्या ताट्यांवर रात्री गल्लीतला बोका आपलं काम करून गेला होता.

पिवळट रंग, फुगलेले गाल, एक कान फाटका. पहाटे कंपाउंडच्या भिंतीवरून उतरतो. आधी जागा नीट हुंगतो. मग तिच्याकडे पाठ करून उभा राहतो. शेपटी ताठ, तिचं टोक थरथरतंय, मागचे पाय जागच्या जागी हलताहेत, आणि एक बारीक पिचकारी. झालं. हाकललं तरी पळत नाही, चालत जातो. फाटक, स्कूटरचं मागचं चाक, कूलरचा स्टँड हे त्याचे ठरलेले थांबे. तुळशीवृंदावनही त्याने सोडलं नाही, तेव्हा मात्र आईने काठी काढली.

हे नेहमीचं मुतणं नव्हे. लघवी करायला मांजर खाली बसतं, माती उकरतं, झाकूनही टाकतं. भिंतीवरची पिचकारी म्हणजे बोक्याचा सातबारा: ही जागा माझी, मी अमुक वेळी इथे होतो, आणि आसपासच्या मांजरींनी याची नोंद घ्यावी. दिवस मोठा होऊ लागला, मांजरी माजावर आल्या, की या नोंदी वाढतात. (घरच्या बोक्याला मात्र पुन्हा पुन्हा बसूनही लघवी होत नसेल, तर तो मूत्रमार्ग तुंबल्याचा प्रकार असू शकतो. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं.)

मांजराला आपण वाघाची मावशी उगाच म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यात बोरच्या जंगलात वाघ हेच करतो. झाडाकडे पाठ, शेपटी वर, खोडावर फवारा. २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या त्या जंगलात ती खूण दिसावी म्हणून आपण पहाटे उठून जिप्सीचे पैसे भरतो. फरक इतकाच की वाघाच्या फवाऱ्यात बासमती तांदळाला सुवास देणारं द्रव्य सापडतं. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी ते दाखवून दिलं. बोक्याच्या मुतात असतं फेलिनिन, गंधकयुक्त अमिनो आम्ल. खच्ची न केलेल्या नरात ते सर्वांत जास्त. ते हळूहळू फुटतं आणि त्यातून तो उग्र वास निघतो. म्हणून सकाळी जेमतेम जाणवलेली घाण दुपारी असह्य होते, आणि आपल्याकडची दुपार तर ४५ अंशांची!

गल्लीत उपाय सांगणाऱ्यांची कमी नाही. फाटकाला निळ्या-लाल पाण्याच्या बाटल्या टांगणं हा सर्वांत लोकप्रिय. त्या बाटलीलाच टेकून मांजर झोपलेलं मी पाहिलं आहे. संत्र्याच्या साली ठेवा म्हणतात, त्यात तथ्य आहे. लिंबूवर्गीय वास मांजराला नकोसा असतो आणि आर्वी-कारंजाची संत्री आली की सालींना तोटा नसतो. पण साल वाळली की संपलं, आणि वर्ध्याच्या उन्हात ती संध्याकाळपर्यंतच वाळते. तिखट टाकू नये. ते पंजाला लागतं, पंजा डोळ्याला लागतो. डांबरगोळ्या आणि काळं फिनाईल तर नकोच. फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, पाय चाटता चाटता ती पोटात जातात. आणि कोणी ‘औषध’ घालायचा सल्ला दिला तर त्याला सांगा की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला विष घालणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग पोत्यात घालून दूर सोडून यावं, हा आमच्या कॉलनीचा आवडता ठराव. सेवाग्रामच्या आश्रमात साप न मारता धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा अजून ठेवलेला आहे. धरायचा आणि दूर सोडायचा. त्यामुळे वर्धेकराला हा मार्ग अहिंसकही वाटतो. पण बोक्याच्या बाबतीत तो चालत नाही. कित्येकदा तोच चालत परत येतो. नाही आला तर जागा मोकळी होते, आणि शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं, तसा पलीकडच्या गल्लीतला दुसरा येऊन त्याच भिंतीवर फेरफार नोंदवतो.

कामाला येतं ते धुणं, तेही नीट. वास राहिला की तो त्याच जागी पुन्हा येणार. आधी साधं थंड पाणी. मग एन्झाइमवाली धुण्याची पावडर कालवून त्या जागी चांगली मुरू द्यायची, पुन्हा पाणी, शेवटी पाणी घातलेलं व्हिनेगर आणि ऊन. अमोनियाचं क्लीनर वापरू नका, ते त्याला दुसऱ्या बोक्याचं आव्हान वाटू शकतं. ब्लीचिंग पावडर तर मुतावर मुळीच टाकू नये. क्लोरीन आणि अमोनिया एकत्र आले की विषारी वायू निघतो. कूलरच्या ताट्या मात्र धुऊन भागत नाही, बदलाव्याच लागतात. स्टँडभोवती बारीक जाळी ठोका, स्कूटरवर कव्हर घाला, उरलंसुरलं अन्न रात्री बाहेर ठेवू नका.

पण हे सगळं वरवरचं. मूळ उपाय म्हणजे खच्चीकरण. बोक्यासाठी ते छोटं ऑपरेशन असतं, ५-६ महिन्यांचा झाला की करता येतं. त्यानंतर दहांतले साधारण नऊ बोके फवारणं सोडतात किंवा अगदी कमी करतात. काहींना सवय मोडायला थोडे आठवडे लागतात. आपल्याकडे ज्याला ढोरांचा दवाखाना म्हणतात, त्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारावं. नाहीतर ७०-७५ किलोमीटरवर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पलीकडच्या काकू त्याला रोज दूध घालतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “तो काई आमचा नाई जी. येते, दूध पेते अन् जाते.” दूध पाजणारे आपले, पण बोका कोणाचाच नाही. कुत्र्यांसाठी निदान नसबंदीचे सरकारी नियम आहेत, त्यांच्यावरून सभा होतात, भांडणं होतात. मांजरांकडे आपल्या गावांत तसं कोणी पाहत नाही, कारण ती चावत सुटत नाहीत, नुसती वास मारतात.

माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या ताटलीत तो तोंड घालतो, त्याच्यावरच सगळा खर्च टाकू नये. काकूंनी दूध घालणं बंद केलं तर तो उपाशी फिरेल, फवारेल तितकाच. उलट त्यांच्याच हातून तो पिंजऱ्यात सहज शिरेल. परक्याला तर तो जवळही येऊ देणार नाही. गणपतीला आपण घरटी वर्गणी काढतो, तशी एकदा बोक्यासाठी काढा. पुढच्या उन्हाळ्यात कूलर लावायच्या आत, थंडीतच हे काम उरकून घ्या.