आजोबा, कोलाडला येता ना?

नातवंडांनी कोलाडला कयाकिंगचा बेत आखला आणि आपणांसही चलण्याचा आग्रह धरला, तर वयाचे कारण पुढे करून नकार देऊ नये. मात्र कुंडलिका ही आपल्या ओळखीच्या नद्यांप्रमाणे वागत नाही, हे निघण्यापूर्वी समजून घ्यावे.

ऐन उन्हाळ्यातही ती खळाळत असते, पण ते पाणी पावसाचे नव्हे. मुळशी धरणाचे पाणी घाटमाथ्यावरून खाली भिरा येथील जलविद्युत केंद्रात उतरते आणि वीजनिर्मिती झाल्यावर कुंडलिकेत येते. (याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी शेतकऱ्यांसह सत्याग्रह केला होता.) त्यामुळे आभाळाकडे पाहून या नदीचा अंदाज बांधता येत नाही. लख्ख ऊन असतानाही पाणी चढते. आता कोरडा दिसणारा दगड थोड्या वेळाने पाण्याखाली असू शकतो, आणि ज्येष्ठ मंडळी सतरंजी अंथरतात ती नेमकी अशाच सपाट दगडावर! खडकांवर पाण्याने उमटवलेली रेघ दिसते. बैठक तिच्या पुष्कळ वर असावी. पाणी सोडण्याची वेळ नौका चालवणाऱ्यांना विचारावी.

पावसाळ्यात वृत्तपत्रांतून आपण विसर्गाचे आकडे वाचतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, साधारण दोन हंडे. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ टन! शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा चौपट होतो. गुडघ्याएवढ्या वाहत्या पाण्यात धडधाकट माणसाचाही पाय सुटतो, तो यामुळेच. तोल डळमळीत असणाऱ्यांनी पाय धुण्यासाठीही एकट्याने उतरू नये.

पाणी वाढले म्हणजे नदी सर्वत्र अवघड होते, असेही नाही. काही खडक खोल बुडतात आणि वाट मोकळी होते. काही ठिकाणी मात्र बुडालेल्या खडकावरून कोसळणारे पाणी उलटे फिरते आणि नौकेला तिथेच धरून ठेवते. खळाळांची १ ते ६ अशी प्रतवारी करतात, तीही पातळीबरोबर बदलते. म्हणून ‘मागच्या वेळी सोपी होती’ या नातवाच्या उत्तरावर समाधान मानू नये; आजची पातळी विचारावी. पाण्यात पडल्यास उभे राहण्याची धडपड करू नये, पाय दगडांत अडकतो; उताणे होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवून तरंगावे, हेही त्याला माहीत आहे ना, ते पाहावे.

हाडे ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा अलीकडेच शस्त्रक्रिया झाली असेल, तर काठावरूनच आनंद घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोबत करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. प्रवासात अडचण नको म्हणून अनेक ज्येष्ठ लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी गुपचूप टाळतात, पाणीही कमी पितात. गोळीची वेळ बदलायची असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे आणि स्वच्छतागृह कुठे आहे, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.